लिनक्सची पॅकेजेस एकसारखी का होत नाहीत

‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशा अर्थाची एक ओळ गेल्या वर्षी मला एका वापरकर्त्याने पाठवली आणि तिच्याखाली एवढेच विचारले, की तुमचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालतो असे तुम्ही लिहिले आहे, माझ्याकडे लिनक्सच आहे, मग तो का चालत नाही? प्रश्न रास्त होता. मी एक छोटा प्रोग्रॅम सांभाळते. मोजमापाच्या उपकरणांकडून येणाऱ्या नोंदी गोळा करून साठवणे हे त्याचे काम, त्यामुळे तो सेवा म्हणून मागे सतत चालू असतो. त्याची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅम बसवण्यासाठी बांधलेल्या फाइली, डेब आणि आरपीएम अशा दोन्ही प्रकारांत मीच बनवते. तो मी उबुंटू २२.०४वर कंपाइल केला होता, म्हणजे स्रोतापासून चालणाऱ्या रूपात आणला होता, आणि विचारणारा डेबियन ११ वापरत होता; ही दोन्ही लिनक्सची वेगवेगळी रूपे, म्हणजे डिस्ट्रो. जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम ज्या मूळ लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या सामाईक साठ्यावर, उभा असतो ती जीलिबसी माझ्याकडे २.३५ होती आणि त्याच्याकडे २.३१. पॅकेजने ही गोष्ट ओळखून बसण्यास नकार दिला होता, म्हणून त्याने पॅकेज बाजूला ठेवून नुसती बायनरी, म्हणजे कंपाइल झालेली फाइल, उतरवून घेतली होती.

मी २.३४मधले काहीही नवे मुद्दाम वापरले नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत मिसळली गेली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या अगदी पहिल्या फंक्शनवरही नव्या आवृत्तीचा शिक्का बसला. त्यामुळे त्यापुढच्या कोणत्याही प्रणालीवर कंपाइल केलेला चार ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा त्याआधीच्या प्रणालीवर सुरूच होत नाही.

अशा प्रसंगी जो उपाय सगळ्यांच्या तोंडी येतो तो मीही कित्येक वर्षे सांगत असे, की सगळ्या डिस्ट्रोंनी मिळून एकच पॅकेज-पद्धत स्वीकारावी, म्हणजे हा त्रास कायमचा मिटेल. आज मला तसे वाटत नाही. पॅकेजच्या फाइलीचा साचा हा या दुखण्याचा सर्वांत वरवरचा भाग आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत जे प्रयत्न साच्यापासून सुरू झाले ते तिथेच अडकले असे माझे मत झाले आहे.

साचा किती साधा असतो हे एखादी डेब फाइल उघडून पाहिली की लगेच कळते. युनिक्समधल्या ‘एआर’ या जुन्या साधनाने ती उलगडते आणि आत फक्त तीन गोष्टी निघतात. पहिल्या फाइलीत ‘२.०’ एवढाच साच्याचा आवृत्ती-क्रमांक असतो. दुसऱ्या गठ्ठ्यात पॅकेजचे नाव, आवृत्ती, त्याला लागणाऱ्या इतर पॅकेजेसची यादी आणि बसवताना-काढताना चालवायच्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या छोट्या फाइली, असतात. तिसऱ्या गठ्ठ्यात प्रत्यक्ष फाइली, जिथे जायच्या त्या मार्गांसह. रेड हॅटने १९९५मध्ये आणलेल्या आरपीएममध्ये हीच माहिती एका शीर्षभागात असते आणि फाइली त्याच्यामागे ‘सीपीआयओ’ पद्धतीने बांधलेल्या असतात. एकातून दुसरे तयार करणारे ‘एलियन’ नावाचे साधन फार पूर्वीपासून आहे आणि ते आपले काम काही सेकंदांत करते. खरी अडचण साच्यात असती, तर ती एलियनने केव्हाच संपवली असती.

साचा एक असूनही गाडी अडते याचेही उदाहरण आहे. उबुंटू आणि डेबियन दोन्ही डेबच वापरतात, आणि उबुंटू तर डेबियनवरच उभे आहे. पण उबुंटू २१.१०पासून तिथल्या डेब फाइलींतले गठ्ठे झेडस्टँडर्ड या नव्या पद्धतीने दाबले जाऊ लागले, आणि डेब फाइली बसवणाऱ्या डेबियन ११मधल्या डीपीकेजीला ते उघडता येत नव्हते. फाइलीचे नाव तेच, रचना तीच, तरीही ती अनोळखी.

साच्यापेक्षा नावांचा गुंता मोठा आहे. नेटवर्कवरची देवाणघेवाण सुरक्षित करणारी ओपनएसएसएलची लायब्ररी डेबियनमध्ये ‘लिबएसएसएल३’ या पॅकेजमध्ये असते, तर आरपीएम वापरणाऱ्या फेडोरामध्ये ‘ओपनएसएसएल-लिब्स’मध्ये, तीच लायब्ररी वापरून कंपाइल करायचे असेल तर एकीकडे नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ लागते आणि दुसरीकडे ‘डेव्हेल’. अपाची हा वेब सर्व्हर एकीकडे ‘अपाची२’ आहे आणि दुसरीकडे ‘एचटीटीपीडी’. ही केवळ नामकरणाची हौस असती तर एक तक्ता करून भागले असते. परंतु नावामागे विचार वेगळा आहे. डेबियन लायब्ररीचा सुसंगती-क्रमांक पॅकेजच्या नावातच ठेवते, जेणेकरून जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदू शकेल, आणि अवलंबित्व पॅकेजच्या नावावर लिहिते. आरपीएम मात्र प्रोग्रॅम तपासून त्याला कोणत्या लायब्ररी-फाइली लागतात ते स्वतःच शोधते आणि अवलंबित्व थेट त्या फाइलीच्या नावावर लिहिते. ती फाइल कोणत्या पॅकेजातून येते याच्याशी त्याला कर्तव्य नसते. मला स्वतःला आरपीएमची रीत जास्त पटते, पण डेबियनच्या रीतीने काय साधते हे २०२४मध्ये सगळ्यांनी पाहिले. ३२-बिट प्रणालींवरची वेळमोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपणार आहे. ती वाढवण्यासाठी असंख्य लायब्ररींची अंतर्गत सुसंगती मोडावी लागणार होती, तेव्हा डेबियनने आणि उबुंटू २४.०४ने त्या पॅकेजेसच्या नावांच्या शेवटी ‘टी६४’ जोडले. लिबएसएसएल३ची ‘लिबएसएसएल३टी६४’ झाली, आणि जुन्या व नव्या मोजणीवर बांधलेले प्रोग्रॅम नकळत एकमेकांत मिसळण्याचा धोका नावानेच टाळला. नाव हे तिथे रचनेचा भाग आहे. दोघांनी एकच नाव घ्यावे असे म्हणताना दोघांपैकी एकाने आपली रचना सोडावी असे आपण म्हणत असतो, आणि ते सांगताना त्या रचनेवर हजारो पॅकेजेस उभी आहेत याचे भान बहुधा सुटते.

नावांच्याही खाली स्क्रिप्ट आहेत, आणि तिथे मी स्वतः ठेच खाल्लेली आहे.

माझे पहिले आरपीएम मी डेबच्या स्क्रिप्ट समोर ठेवून घाईत बनवले होते. माझी सेवा तिच्यासाठी राखलेल्या एका वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालते. पॅकेज बसवताना तो वापरकर्ता तयार करायचा आणि पॅकेज काढताना सेवा थांबवून तो पुसायचा, असा सरळ हिशेब होता. डेबमध्ये स्क्रिप्टला कोणता प्रसंग आहे ते शब्दात सांगितले जाते: ‘कॉन्फिगर’, ‘अपग्रेड’, ‘रिमूव्ह’, ‘पर्ज’. आरपीएममध्ये शब्दाऐवजी आकडा येतो, आणि त्याचा अर्थ असा, की हे काम पुरे झाल्यावर या पॅकेजच्या किती प्रती प्रणालीत राहणार आहेत. पहिल्यांदा बसवताना १, नव्या आवृत्तीवर जाताना २, आणि काढणाऱ्या स्क्रिप्टला पूर्ण काढताना ० किंवा नवी आवृत्ती येऊन जुनी जाताना १. शिवाय आरपीएममध्ये नवी आवृत्ती आधी बसते, तिची स्क्रिप्ट चालते, आणि त्यानंतर जुन्या आवृत्तीची काढणारी स्क्रिप्ट चालते. हा क्रम मला ठाऊक नव्हता आणि तो आकडा मी तपासला नव्हता.

म्हणून पहिल्याच अद्ययावत आवृत्तीच्या वेळी असे घडले, की नव्या पॅकेजने वापरकर्ता आहे हे पाहून समाधान मानले, आणि मागाहून आलेल्या जुन्या पॅकेजच्या स्क्रिप्टने सेवा थांबवून तो वापरकर्ता पुसून टाकला. एका प्रयोगशाळेतून मला निरोप आला, तेव्हा त्यांच्या नोंदी जवळपास एक दिवस थांबलेल्या होत्या. फाइलींची यादी मागवली, तर मालकाच्या जागी वापरकर्त्याच्या नावाऐवजी ९९१ हा नुसता आकडा दिसत होता, कारण त्या आकड्याला नाव देणारी ओळच उरली नव्हती. जुन्या नोंदी सुखरूप होत्या; गेलेला दिवस मात्र परत आला नाही, आणि ज्यांचे मोजमाप त्या दिवसाचे होते त्यांना मी काय उत्तर देणार होते? एलियनसारखे साधन ती स्क्रिप्ट एका साच्यातून दुसऱ्यात हलवू शकते, पण ती कोणत्या क्षणी कोणत्या अर्थाने चालणार आहे हा डिस्ट्रोने केलेला करार असतो, आणि करार हलवता येत नाही.

असे करार प्रत्येक डिस्ट्रोत शेकड्यांनी आहेत. सेवेचे पॅकेज बसवल्याबरोबर डेबियनमध्ये ती सेवा सुरू होते, तर फेडोरात प्रशासकाने सांगितल्याशिवाय सहसा सुरू होत नाही. तुम्ही बदललेली कॉन्फिगरेशन फाइल नव्या पॅकेजमध्येही बदलली असेल, तर डेबियन थांबून विचारते की कोणती ठेवू. आरपीएम काहीही न विचारता सहसा तुमची ठेवून नवी शेजारी ‘आरपीएमन्यू’ या शेपटासह ठेवून देते. ६४-बिट लायब्ररी फेडोरात ‘लिब६४’मध्ये जातात, डेबियनमध्ये त्या प्रोसेसरच्या नावाच्या वेगळ्या डिरेक्टरीत जातात, कारण अनेक प्रोसेसरांच्या लायब्ररी एकाच यंत्रावर एकत्र ठेवण्याची सोय तिला हवी होती. अल्पाइन हे डिस्ट्रो तर जीलिबसीच वापरत नाही, तिथे मसल ही दुसरी मूळ लायब्ररी आहे. यातली एकही गोष्ट चुकीची म्हणता येणार नाही.

लिनक्स स्टँडर्ड बेस, म्हणजे एलएसबी, या प्रयत्नाबद्दल मला आदर आहे, आणि त्याचे काय झाले हे नव्याने पॅकेजिंगकडे वळणाऱ्यांनी जरूर पाहावे. त्याची १.० आवृत्ती २००१मध्ये आली. कोणत्या लायब्ररी कोणत्या रूपात असतील हे त्यात लिहिलेले होते, आणि पॅकेजसाठी आरपीएमचा साचा ठरवला होता. पॅकेजने फक्त ‘एलएसबी’ या एकाच गोष्टीवर अवलंबून राहावे आणि बाकी सगळे त्या नावातून मिळावे अशी कल्पना होती. डेबियनने ती एलियनच्या मदतीने पाळली. २००६मध्ये तो आयएसओचा २३३६० क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणकही झाला. कागदावर यापेक्षा पूर्ण यश कोणते असणार? तरीही २०१५मध्ये ५.० आवृत्ती आली आणि त्याच वर्षी डेबियनने एलएसबीचा पाठपुरावा सोडून दिला. सोडण्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते: त्या प्रमाणकानुसार बनवलेली पॅकेजेस जवळजवळ कोणी देतच नव्हते.

देत का नव्हते, याचे माझे उत्तर असे आहे, की एलएसबीने लायब्ररींची एक पातळी गोठवली आणि ती गोठेपर्यंत प्रोग्रॅम लिहिणारे पुढच्या पातळीवर गेलेले असत. ज्याला स्थिर जमीन हवी होती असा व्यापारी सॉफ्टवेअर विकणारा एलएसबीपेक्षा ‘आम्ही अमुक डिस्ट्रोच्या अमुक आवृत्तीवर तपासले आहे’ असे सांगणे पसंत करी, कारण ग्राहकाचा दूरध्वनी आला तर तपासायला प्रत्यक्ष यंत्र समोर असे. आणि ज्याचा स्रोत खुला होता त्याला पॅकेज करण्याची गरजच नव्हती, ते काम डिस्ट्रोतले लोक करत. फाइली कुठे ठेवायच्या हे सांगणारा फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड मात्र आजही वाचला जातो, कारण तो एकाच मर्यादित प्रश्नाचे उत्तर देतो.

पुढच्या पिढीने वेगळी वाट धरली: डिस्ट्रोशी करार जुळत नसेल तर प्रोग्रॅमने आपली जमीन बरोबर आणावी. अॅपइमेज सगळे एका फाइलीत भरते. उबुंटूमागच्या कॅनॉनिकलचे स्नॅप आणि अलेक्झांडर लार्सन यांनी सुरू केलेले, २०१६मध्ये ‘एक्सडीजी-अॅप’ हे नाव टाकून नवे नाव घेतलेले फ्लॅटपॅक, हे दोन्ही प्रोग्रॅमला प्रणालीपासून कुंपण घालून चालवतात. फ्लॅटपॅकची रचना मला यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटते. त्यात सामाईक लायब्ररींचा एक पाया असतो, तो दरवर्षी नव्याने निघतो, आणि प्रोग्रॅम कोणत्या वर्षीचा पाया हवा ते सांगतो. एलएसबीला जे जमले नाही ते इथे जमले, कारण पाया गोठवला तरी दोन-तीन पाये एकाच वेळी यंत्रावर राहू शकतात. चित्रे संपादित करण्याचा किंवा लेखनाचा प्रोग्रॅम कोणी मला विचारला, तर मी निःसंकोच फ्लॅटपॅक सुचवते.

परंतु पायात नसलेली प्रत्येक लायब्ररी प्रोग्रॅम स्वतःबरोबर आणतो, आणि तिथे डिस्ट्रोंनी मोठ्या कष्टाने मिळवलेली एक गोष्ट हातून निसटते. एप्रिल २०१४मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष जाहीर झाला, तेव्हा डिस्ट्रोंनी एक लायब्ररी बदलली आणि सेवा पुन्हा सुरू केल्यावर तिच्यावर उभे असलेले सगळे प्रोग्रॅम दुरुस्त झाले. त्याआधी २००२मध्ये झेडलिब या छोट्याशा लायब्ररीत दोष सापडला होता, तेव्हा तिच्या प्रती किती प्रोग्रॅमांनी आपल्या पोटात घेतल्या आहेत हे शोधत बसावे लागले होते. सगळे बरोबर घेऊन फिरणाऱ्या प्रोग्रॅमांबद्दल माझी हरकत एवढीच आहे, की आतल्या लायब्ररीची जबाबदारी कोणाकडे आहे हे त्यांच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. माझ्या प्रोग्रॅमसारख्या मागे चालणाऱ्या सेवेला तर फ्लॅटपॅक लागूच पडत नाही, ते डेस्कटॉपवरच्या प्रोग्रॅमांसाठी आहे.

मग मी कशावर भरवसा ठेवते? ज्यांचा फारसा गाजावाजा झाला नाही अशा लहान लहान जुळण्यांवर.

पूर्वी आपण कोणत्या डिस्ट्रोवर आहोत हे ओळखायला इन्स्टॉलर एकेका फाइलीचे दार ठोठावत फिरे: रेड हॅटची वेगळी, सुसेची वेगळी, डेबियनची वेगळी. २०१२मध्ये सिस्टिमडीच्या, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करून सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या, लोकांनी ‘ओएस-रिलीज’ ही एकच साधी फाइल सुचवली आणि आज ती जवळपास सर्वत्र आहे. तिच्यात हे डिस्ट्रो कोणत्या डिस्ट्रोसारखे आहे हे सांगणारी एक ओळही असते, तिने माझी कितीतरी स्क्रिप्ट वाचवली आहे. जानेवारी २०११मध्ये न्यूरेंबर्गला डेबियन, उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे यांची मंडळी एकत्र बसली आणि पॅकेज कोणत्याही साच्यात असो, त्याचे वर्णन, चित्र आणि परवाना कसा लिहायचा यावर अॅपस्ट्रीम या सामाईक पद्धतीचा पाया घातला. त्या बैठकीत साचा एक करण्याचा हट्ट धरला असता, तर मला नाही वाटत काही हाती लागले असते. अंतिम होण्याआधीची आवृत्ती दाखवायला डेबियन वापरत असलेले टिल्डचे चिन्ह आरपीएमने ४.१०मध्ये स्वीकारले, आणि ‘२.०’च्या आधीची ‘२.०~बीटा’ दोन्हीकडे खरोखर आधीची ठरू लागली. एवढीशी गोष्ट, पण दोन्हीकडे आवृत्त्या सांभाळणाऱ्याला ती किती मोठी वाटते!

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मंडळींचे मेनीलिनक्स हे मला यांतले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. २०१६मध्ये त्यांनी ‘लिनक्स’ नावाची एकच वस्तू आहे असे मानणे सोडले आणि सेंटओएस ५ या जुन्या डिस्ट्रोवर कंपाइल केलेले, मोजक्याच लायब्ररींवर अवलंबून असलेले पॅकेज त्यानंतरच्या बहुतेक ठिकाणी चालेल एवढेच वचन दिले. पुढे तर डिस्ट्रोचे नाव गाळून जीलिबसीची किमान आवृत्तीच पॅकेजच्या नावात लिहायची रीत पडली. म्हणजे एलएसबीने प्रणालीकडून वचन मागितले होते, आणि इथे पॅकेज आपली गरज प्रामाणिकपणे सांगते. त्या वापरकर्त्याची तक्रार मी याच रीतीने सोडवली. आता मी माझा प्रोग्रॅम अल्मालिनक्स ८वर कंपाइल करते, तिथे जीलिबसी २.२८ आहे, आणि तीच बायनरी डेबियन ११वर, उबुंटू २२.०४वर आणि त्यापुढच्या फेडोरांवर न बदलता चालते.

वापरकर्त्याच्या त्या पुसलेल्या नावाचे उत्तरही अशाच एका लहान जुळणीत मिळाले. सिस्टिमडीमध्ये ‘सिसयूजर्स’ नावाची सोय आहे. हवा असलेला वापरकर्ता एका मजकूर-फाइलीत एका ओळीत लिहायचा: ‘यू’ हे अक्षर, नाव, क्रमांकाच्या जागी आडवी रेघ, वर्णन आणि घरची डिरेक्टरी. तो कधी आणि कसा तयार करायचा हे प्रणाली बघते. डेबियनच्या पॅकेज बनवण्याच्या साधनांना ही फाइल समजते, आणि २०२३च्या आरपीएम ४.१९पासून आरपीएमला ती स्वतःहूनच समजते. माझ्या दोन पॅकेजेसमधल्या वापरकर्त्याविषयीच्या सगळ्या स्क्रिप्ट मी काढून टाकल्या आणि दोन्हीकडे अक्षरशः तीच एक फाइल ठेवली. सेवेचे वर्णन करणारी फाइल तर आधीपासूनच एक होती. तात्पुरत्या डिरेक्टरींचेही तसेच झाले. पॅकेजने ‘हे कर, मग ते कर’ असे सांगण्याऐवजी ‘मला हे हवे आहे’ एवढेच लिहिले, की डेब आणि आरपीएम यांतले अंतर कमी होत जाते, आणि त्यासाठी कोणालाही आपला साचा सोडावा लागत नाही.

एकच स्क्रिप्ट अजून उरली आहे. नव्या आवृत्तीत नोंदींच्या साठ्याची रचना बदलली असेल, तर जुना साठा नव्या रचनेत आणावा लागतो, आणि हे काम एका ओळीत लिहून देण्याची सोय आजवर कोणी केलेली नाही. ती स्क्रिप्ट मी दोनदा लिहिते, दोनदा तपासते, आणि तिच्या सुरुवातीला डेबमध्ये ‘कॉन्फिगर’ हा शब्द आला आहे का आणि आरपीएममध्ये २ हा आकडा आला आहे का, हे अजूनही वेगवेगळे विचारते.